दूध संस्थेच्या हॉलातला ओळख वर्ग

सोमवार, २१ मार्च २०१६

सूनबाईने आज माझं नाव योगाच्या वर्गात घालून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. डॉक्टरने ब्लडप्रेशरसाठी चालायला सांगितलं होतं, चारचौघांत जमिनीवर आडवं पडायला नव्हे. वर हा साधा योगही नाही. 'ओळख योग वर्ग' असं त्याचं नाव आहे. यंदाच्या दुष्काळात वाड्यावस्त्यांवरची बरीच माणसं पाण्यापायी शिरूरात येऊन राहिली आहेत. कोणी कोणाला ओळखत नाही, म्हणून सकाळी एकत्र जमायचं, हातपाय ताणायचे आणि ओळखी करून घ्यायच्या, अशी कल्पना. मी तीन टर्म दूध संस्थेचा चेअरमन होतो आणि मला आता ओळखी करून घ्यायच्या आहेत.

वर्ग भरतो तो दूध संस्थेच्या हॉलात. हा हॉल माझ्या काळात बांधला, दारावर माझ्या नावाची संगमरवरी पाटी आहे. चाऱ्यावाचून अर्धी जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. आता जे काय चार कॅन दूध गोळा होतं ते बाहेरच्या खिडकीवरच मोजून घेतात. हॉल रिकामा, म्हणून बंकटने तो वर्गाला दिला. बंकट सध्या चेअरमन आहे. एकेकाळी तो माझी बॅग धरून मागं मागं चालायचा.

तरी मी जाणार आहे, आणि त्याला कारण आहे. संस्थेची निवडणूक लागली. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, दोघंही सभासद हवेत. सूचक म्हणून आमचे साडू सर्जेराव तयार आहेत. ते छावण्यांना कडबा पुरवतात. मी निवडून आलो की हॉल त्यांच्या कडब्याला गोदाम म्हणून द्यायचा, एवढीच त्यांची अट. राहिला अनुमोदक. पूर्वी असल्या सहीसाठी माझ्या ओसरीत रांग लागायची. गेल्या आठवड्यात चौघांकडं जाऊन आलो. एकाची पाठ धरली होती, एक लग्नाला गेला होता, एकाने विचार करून सांगतो म्हटलं आणि चौथा घरात असून घरात नव्हता. त्याच्या चपला दारात होत्या.

वर्गाला एवढी माणसं येतात, त्यात एक सभासद निघायला हरकत नाही. सही मिळाली की वर्ग बंद.

मंगळवार, २२ मार्च

गेलो. हॉलात पुढं एक खुर्ची होती, सवयीने तिच्यावर लोकांकडं तोंड करून बसलो. शिकवणारा मुंजाजी म्हणून एक हाडकुळा तरुण आहे. तो म्हणाला, "काका, खाली या. खुर्ची घड्याळ ठेवायला हाय." घड्याळाला खुर्ची आणि मला सतरंजी.

मग नियम सांगितला. पाडव्यापर्यंत फक्त नाव सांगायचं. आडनाव नाही, गाव नाही, हुद्दा नाही, पाहुणे कोण ते नाही. आता यात ओळख व्हायची कशी? आपल्याकडं माणूस भेटला की पहिलं आडनाव, मग गाव, मग पाहुणे कोण, एवढं झालं की माणूस कळला. ते सोडून नुसतं नाव म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. मी 'चेअरमन' म्हणून सांगितलं तर मुंजाजी म्हणतो, "नाव सांगा, काका." सांगितलं, जालिंदर. वडील गेल्यापासून मला कोणी नुसतं जालिंदर म्हटलेलं नाही. स्वतःच्याच तोंडून ऐकताना कसंसंच झालं.

जोडीने करायचा प्रकार तर फारच बाष्कळ. शहरातल्या पुस्तकात एकमेकांचे हात धरायचे म्हणे. इथं बाईमाणसाचा हात कोण धरील, म्हणून मुंजाजीने डोकं लढवलं. ज्यांची जनावरं छावणीत गेली त्यांच्या घरून रिकामी दावी आणवली. दोघांनी समोरासमोर बसायचं, पाय लांब करायचे, दाव्याची दोन टोकं धरायची आणि आळीपाळीने ओढायचं. माझ्या वाटणीला सरूबाई नावाची बाई आली. काळीसावळी, काटक, हाताला घट्टे. मुलगा आणि सून कारखान्यावर ऊस तोडायला गेलीत, ती नातवंडं सांभाळते. एवढं न विचारता तिनेच सांगितलं. दावं धरलं आणि तिने असं ओढलं की मी तोंडावर पालथा. सगळा हॉल हसला.

ती म्हणाली, "उठा. मी बी पैल्या दिवशी आशीच पडलते."

ती आणि मी, दोघंही एकाच मापात. ऐकून घेतलं.

शुक्रवार, २५ मार्च

वर्गातली माणसं नीट पाहून घेतली. एक शिंपी, तो श्वास सोडताना गाई हाकल्यासारखा आवाज काढतो. दोघी जावा, त्यांना घरी एकमेकींशी बोलता येत नाही म्हणून इथं येतात. बाकीचे सगळे डोळे मिटून बसतात आणि मधूनच एक डोळा उघडून शेजारच्याचं जमतंय का बघतात. मत म्हणून एकही धड दिसेना.

आज मात्र एक माणूस सापडला. शहादेव. पांढराशुभ्र पायजमा, चपला भिंतीशी सरळ लावून ठेवलेल्या, बोलणं मोजकं. नियमामुळं त्याला थेट काही विचारता येत नाही, पण मी काय कालचा नाही. शवासन झाल्यावर जोडीदाराला आपल्याबद्दल एक गोष्ट सांगायची असते. तो म्हणाला, "झुंजूमुंजू व्हायच्या आत मान्सं भांडी घेऊन उभी राहायची आमच्याकडं. मी आल्याबिगर काय चालायचं न्हाई. एक शब्द टाकला तर गल्लीच्या गल्ली गप."

पहाटे, भांडी, माणसांची रांग. म्हणजे दुधाचं मोठं घर. एका शब्दावर गल्ली गप म्हणजे हुकमी मतंही. मागं पश्चिमेच्या वस्तीवरून दुधाचे मोठे कॅन यायचे, त्याच घरातला असणार. बसण्याची ढबच सांगते. वर्गात येणं वाया गेलं नाही.

शनिवार, २ एप्रिल

गेला आठवडा शहादेवच्या मागं काढला. वर्ग सुटला की त्याला घेऊन स्टँडवर चहाला जातो. रोज मीच चहा सांगतो. तो बशीत ओतून सावकाश पितो आणि ऐकून घेतो. मतदार जवळ करायचा तर आधी आपणच चार मनातल्या गोष्टी सांगाव्या लागतात, हे राजकारणातलं साधं सूत्र आहे. म्हणून मी त्याला सांगितलं की, निवडणूक हरल्यापासून रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून मी ओसरीवर पेपर घेऊन बसतो आणि कोणी येत नाही. हिच्या शेवटच्या दुखण्यात तिने विचारलं होतं की, आज कोणीच कसं आलं नाही, तर मी म्हटलं होतं, आता येऊन गेले, तू झोपली होतीस. हेही सांगितलं. मतासाठी माणसाला काय काय बोलावं लागतं.

शहादेव नुसता म्हणाला, "मला भी लेकीच्या घरी आसंच व्हतंय." मग उठून त्याने दुसरा चहा आणला.

सरूबाईशी दर दोन-तीन दिवसांनी गाठ पडते. पाय वर धरायचा असला की जोडीदाराने आकडे मोजायचे. ही बाई तीनवरून चारवर येईपर्यंत माझी मांडी थरथरते. काल मला म्हणाली, "हाल लई गार हाय वो. कुनी बांधला?" मी म्हटलं, मी. "बरं केलं," म्हणाली आणि परत एकपासून मोजायला लागली. दारावरची पाटी तिने वाचली नाही की तिला वाचता येत नाही, कोण जाणे. असल्या बाईच्या 'बरं केलं'ला काय किंमत.

शुक्रवार, ८ एप्रिल

पाडवा. गुढीवरच्या तांब्याला घासायला राखच वापरली, पाणी कुठलं. शहादेवला जेवायला बोलावलं होतं. तसा खर्च नको होता, पण अर्ज भरायचे दिवस जवळ आले. सूनबाईने पुरणपोळी केली. जेवताना शहादेवने शिंप्याच्या श्वासाची अशी नक्कल केली की मला ठसकाच लागला. सूनबाई पाणी घेऊन धावत आली आणि म्हणाली, "आण्णा, आज हसलाव तुमी." मी एरवी काय रडत असतो?

तो निघताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "एखाद दिवस एक सही लागंल तुमची."

"सही काय, कवाबी सांगा."

काम झालं. आता उद्यापासून चहाची गरज नाही. पण एकदम बंद केलं तर बरं दिसणार नाही, म्हणून चालू ठेवतो.

सोमवार, ११ एप्रिल

आज नियम सुटला. एकेकाने उभं राहून आपली पूर्ण ओळख सांगायची होती. सरूबाई टँकरच्या नंबरला उभी होती म्हणून आली नाही. तिची ओळख राहिली तर कोणाचं काही अडणार नव्हतं.

शहादेव उठला, हात जोडले आणि म्हणाला, "जय भीम. मी चकलांब्याचा. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर व्हतो. आता लेक हितं सरकारी दवाखान्यात नर्स हाय, तिच्याकडं आलोय."

पाण्याची टाकी. भांडी घेऊन माणसं उभी असायची ती पाण्यासाठी. याने चावी फिरवली की गल्ली गप व्हायची. दुधाशी, सभासदत्वाशी, शिरूरच्या मतदार यादीशी, कशाशीच काही संबंध नाही. इतके दिवस मी कोणाला चहा पाजत होतो?

त्यातून आमच्यात बसून जेवला, पाडव्याला. तसं मी जातबित मानत नाही. आधी माहीत असलेलं बरं असतं, एवढंच. घरी येऊन सूनबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग पुरणपोळी परत मागून आणू का?" हल्लीच्या मुलींना बोलायचं भान नाही.

वर्ग सुटल्यावर शहादेव माझ्यामागं आला होता. "सही देतो म्हनलो व्हतो. माझी चालत न्हाई व्हय?" असं म्हणून हसला. मी चहाला थांबलो नाही.

बुधवार, १३ एप्रिल

दोन दिवस वर्गाला गेलो नाही. सकाळ फार लांब असते. पेपर वाचून झाला, उलटून परत वाचला. आणखी दोघा जुन्या सभासदांकडं जाऊन आलो. दोघांनीही बसायला सांगितलं, सही करायला कोणी तयार नाही. बंकटशी वाईटपणा कोण घेणार. खरं सांगायचं तर आज पहिल्यांदा वाटलं की, अर्जच भरता आला नाही तर काय? हरलो तर निदान उभा होतो असं म्हणता येतं. अर्जाला सहीच मिळाली नाही, हे गावाला कळलं तर मला रस्त्याने चालता यायचं नाही.

संध्याकाळी शहादेव आला. मी मुद्दाम चष्मा शोधत राहिलो.

"कावून येईना झालात? ती शिंप्याची जोडी मला दिलीय, तुमच्यापायी."

मग अडचण काय ते त्याने काढूनच घेतलं. म्हणाला, "सरूबाईला इचारा की. सभासद हायेत त्या."

"ती ऊसतोडवाली?"

"त्यांच्या घरी म्हस हाय. तुमी चेअरमन व्हताव तवापासून दूध घालतेत हितं. रोज खिडकीला आसतेत. वळखत न्हाई व्हय तुमी?"

चेअरमन काही खिडकीपाशी बसत नसतो. हे मी त्याला सांगितलं. जाताना तो म्हणाला, उद्या जयंतीची मिरवणूक दवाखान्यावरून जाईल, या बघायला. मी कामात आहे म्हटलं. तिला विचारायचं म्हणजे फारच खाली उतरणं झालं, पण परवाचा दिवस गेला की शनिवार, शेवटची तारीख.

शनिवार, १६ एप्रिल

अर्ज भरला.

काल शेवटी तिला विचारलंच. सरूबाई कचेरीसमोरच्या लिंबाखाली वेळेच्या आधी येऊन उभी होती. शहादेवही होता, त्याचं तिथं काही काम नसताना. सर्जेरावांनी सूचक म्हणून सही केली आणि मग ते झाडाखालीच मोठ्याने माझं सगळं राजकारण सांगायला लागले. या माणसाला तोंड आवरता येत नाही.

सरूबाईने पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, "निवडून आलाव तर हालचं काय करनार हाव?"

माझ्याआधी सर्जेरावच बोलले, "कडबा. गोदाम करनार."

"आन् वर्ग?"

"वर्ग कशाला पायजे, सरूबाई. झाडाखाली करा की," सर्जेराव म्हणाले.

तिने पेन कागदावरून उचललं. मला वाटलं, गेली सही. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, एका म्हशीच्या मालकिणीमुळं आपलं तीन टर्मचं नाव मातीत जाणार. मग तिने सही केली. गोल अक्षर, स्वच्छ, वर रेघ दिलेली.

"मानसाला उभं राह्यला कुनी न्हाई म्हनू ने," ती म्हणाली. "पन मी मत द्येनार न्हाई तुमाला."

"कावून?"

"दिसभर घर, लेकरं, म्हस, टँकर. सकाळचा तेवढाच येळ माझा हाय."

सर्जेराव हसले. मीही हसलो. ज्याच्या अर्जावर सही केली त्यालाच मत नाही, हा सहकारातला नवीनच प्रकार. बाईला निवडणूक म्हणजे काय, हे कळत नाही.

मंगळवार, १९ एप्रिल

छाननीत अर्ज मंजूर झाला. बंकटच्या पॅनेलच्या समोर माझा एकट्याचा अर्ज आहे, त्यामुळं सगळी निवडणूक घ्यावी लागणार. बंकटची झोप उडाली असेल. कालपासून ओसरीवर तीन माणसं येऊन गेली.

वर्गाला गेलो, कारण उमेदवाराने लोकांत दिसायला हवं. सरूबाईने आपल्या अर्जाचा विषयसुद्धा काढला नाही, दावं मात्र नेहमीसारखंच ओढलं. आता मी पडत नाही. शेवटी शवासनात छताकडं बघत पडलो आणि कडबा कसा रचता येईल त्याचा अंदाज घेत होतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत, पार पत्र्यापर्यंत बसेल. मग माणसाला आत यायलासुद्धा जागा राहणार नाही, एवढा.

तेवढ्यात झोप लागली. घोरलो म्हणे. जागा झालो तेव्हा हॉल रिकामा होता, कोणीतरी डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवलेली आणि शहादेव दाराशी बसून राखण करत होता. कुलूप लावायला आलेल्या मुंजाजीला त्याने थांबवून ठेवलं होतं. मी त्याला म्हटलं, उठवायचं नाही का? तो म्हणाला, "लई दिसाचे जागे दिसत व्हताव." असल्या माणसांना दुसरा उद्योग नाही.

गुरुवार, २१ एप्रिल

आज माघारीची शेवटची तारीख. सकाळीच बंकट शाल-नारळ घेऊन आला, मागं त्याचं सगळं पॅनेल. ओसरीत बसायला जागा पुरेना, सूनबाईने शेजारून खुर्च्या आणल्या. बंकट पाया पडला. "आण्णा, दुष्काळात निवडणूक बरी दिसत न्हाई. बिनविरोध करू. तुमी म्हनताल त्या समितीवर घेतो."

सर्जेराव माझ्या कानात म्हणाले, दबला, आता उपाध्यक्षपद मागा. मीही तेच मागणार होतो.

मी म्हटलं, "समिती नको. सकाळचा हॉल वर्गाला राहू दे. त्यांना हवा तोवर. गोदामाला कोणालाही द्यायचा नाही. पहिल्या बैठकीत तसा ठराव घ्यायचा."

बंकट माझ्याकडं बघत राहिला. "येवढंच?"

सर्जेराव चहा न घेता उठून गेले. आता वर्षभर तरी साडूपण बंद. पण माझाही विचार आहे. कडब्याला आग लागते, फरशी खराब होते, उंदीर होतात. माझ्या नावाची पाटी आहे त्या हॉलावर, तिची आब राहायला नको? वर्गाचा आणि याचा काडीचा संबंध नाही. बंकटला बजावलं की, ही अट बाहेर सांगायची नाही. दुपारी जाऊन माघारीच्या कागदावर सही केली. परत येऊन ओसरीत बसलो. खुर्च्या अजून तशाच मांडलेल्या होत्या. फार वाईट वाटलं. मग सूनबाईने त्या एकेक करून परत नेऊन दिल्या.

शुक्रवार, २२ एप्रिल

बंकटच्या पोटात काही राहत नाही. मी पोचायच्या आत वर्गात सगळ्यांना माहीत झालं होतं. शिंपी पाया पडायला आला, त्याला झटकला. मुंजाजी टाळ्या वाजवायला सांगणार तेवढ्यात मी त्याला म्हटलं, वर्ग चालू कर, ऊन होतंय.

जोडी सरूबाईंशी आली. त्यांनी दाव्याचं टोक हाताला गुंडाळून घेतलं. मग म्हणाल्या, "आता उभे आसताव तर तुमालाच दिलं आसतं मत."

मी म्हटलं, "बाई, काल माघार घेतली मी. आता मत देऊन काय उपयोग?"

"न्हाई ना उपयोग. म्हनून तर सांगितलं."

मी दावं ओढलं. मी तीन निवडणुका जिंकल्या आहेत, त्यात मला मतं दिलेल्या एकाही माणसाने तोंडावर येऊन असं सांगितलेलं आठवत नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. एका म्हशीचं मत, तेही कुठल्याच पेटीत पडणार नाही. मी ते मिळालं असं धरलं.